चंद्राचे खळे

बुरशी म्हटली की मला लोणच्याची बरणी आठवते. ओला चमचा गेला की ती धरते, एवढेच तिच्याविषयीचे माझे ज्ञान! ही बया माणसाच्या फुफ्फुसातही बिऱ्हाड थाटते, हे भाच्याच्या दुखण्यात कळले.

त्याला रक्ताचा कर्करोग. औषधांनी रोगट पेशींबरोबर चांगल्या पांढऱ्या पेशीही मारल्या आणि ताप भरला. पाच दिवस अँटिबायोटिके झाली, ताप हटेना. पण खोकला नाही, कफ नाही, छातीचा एक्स-रेही स्वच्छ! "मग काळजी कसली?" अक्काने विचारले. डॉक्टर म्हणाले, "बाई, कफ, पू, सूज ही पांढऱ्या पेशींच्या लढाईची खूण. पहारेकरीच नाहीत, तर आरडाओरडा कोण करणार?" वीस वर्षे मास्तरकी केलेल्या मला हे चटकन पटले. वर्ग चिडीचूप असला, की मी आधी मागच्या बाकाकडे पाहतो.

संशय होता अ‍ॅस्परजिलसचा. फ्लॉरेन्सच्या मिकेली या पाद्री वनस्पतिशास्त्रज्ञाने १७२९ साली हे नाव दिले. भिंगाखाली ती त्याला तीर्थ शिंपडण्याच्या साधनासारखी दिसली. तिचे बीजाणू तुम्हीआम्ही रोज श्वासाबरोबर घेतो आणि पचवतो. भाच्याला ते पचण्यासारखे नव्हते.

पण ती धरायची कशी? रक्त तपासायला लावले तरी त्यात ती सहसा उगवत नाही. फुफ्फुसाचा तुकडा काढावा, तर रक्त गोठवणाऱ्या पेशीही उतरलेल्या. मग सीटी स्कॅन झाला. डॉक्टरांनी बोट ठेवले: पांढरी गाठ आणि तिच्याभोवती करडे वलय. चंद्राला पडते तसे खळे! ते गाठीभोवती झिरपलेल्या रक्ताचे असते. शिवाय बुरशीच्या कवचातली गॅलॅक्टोमॅनन नावाची साखर रक्तात शोधायला दिली.

"म्हणजे नक्की तेच ना?" अक्का.

"नक्की होईपर्यंत थांबलो, तर उशीर होईल," असे म्हणून त्यांनी त्याच संध्याकाळी व्होरिकोनॅझोल सुरू केले.

या निदानाच्या तीन पायऱ्या आहेत, हे मला मागाहून समजले: 'शक्य', 'संभाव्य' आणि 'सिद्ध'. संशोधनासाठी त्या २००२ साली ठरल्या. २००८ आणि २०२० मध्ये सुधारल्या. दोन दिवसांनी साखरेचा अहवाल आला आणि भाच्याचे 'शक्य' ते 'संभाव्य' झाले. 'सिद्ध' काही झाले नाही.

भूमितीच्या तासाला मी रोज फळ्यावर 'सिद्ध करा' लिहितो. सिद्धतेवाचून मी कुणाला गुण देत नाही, देणारही नाही. पण भाचा आज घरी आहे, तो त्या न सिद्ध झालेल्या उत्तरामुळे. दिवाळीची झाडझूड होईपर्यंत अक्का त्याला माझ्याकडे पाठवणार आहे. धुळीपासून लांब ठेवायला सांगितले आहे ना!