मनीचे बारसे

आमच्या पुण्याच्या घरी मांजरी आल्या नि गेल्या, पण नाव एकच, मनी. बोका असला तर मन्या. बारशाचा घोळ कधी पडलाच नाही. तो पडला माद्रिदला, मुलीच्या घरी. नातीने राखी रंगाचे एक पिल्लू आणले आणि मला बजावले, "आजोबा, ही इथली आहे. हिला इथलंच नाव हवं. आणि मायेचं!"

रात्री जेवताना सभा भरली. जावईबापूंनी 'पालोमा' सुचवले. पालोमा म्हणजे कबूतर! पिकासोचे कबूतर १९४९ साली पॅरिसच्या शांतता परिषदेच्या भित्तिपत्रकावर झळकले आणि त्याच वेळी जन्मलेल्या मुलीचे नाव त्याने पालोमा ठेवले, हे खरे. पण मांजरीला कबूतर म्हणायचे? 'कानेला' म्हणजे दालचिनी, रंग जुळेना. नातीची 'लूना', म्हणजे चंद्र. पण खालच्या बागेत त्या नावाच्या तीन कुत्र्या आधीच फिरत होत्या.

मग मुलगी म्हणाली, "सोलेदाद! कानाला किती गोड लागतं!"

"अर्थ?" मी विचारले.

ती घुटमळली. "एकटेपणा."

सगळेच गप्प झाले. नातीच्या आजीला जाऊन अजून वर्षही झाले नव्हते. त्या शब्दाचा अर्थ मला कोशात पाहावा लागणार नव्हता.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या आजीबाई पिल्लू पाहायला आल्या. हकीकत ऐकून त्या हसल्या. म्हणाल्या, "अहो, ही सारी मेरीमातेची नावं. दोलोरेस म्हणजे दुःखं, पण घरात तिची लोला होते. कोन्सुएलो म्हणजे सांत्वन, तिची चेलो. आणि मारिआ दे ला सोलेदादची होते मारिसोल. त्यात आम्हांला ऐकू येतो 'मार' म्हणजे समुद्र, आणि 'सोल' म्हणजे सूर्य."

मला आपले धोंडू आणि दगडू आठवले. मुले जगत नसत, म्हणून आईबाप नाव दगडाचे ठेवीत आणि हाक मात्र लोण्यासारखी मारीत. दुःख नावात ठेवायचे आणि हाकेने ते मऊ करायचे, ही रीत इतक्या दूरच्या मुलखातही निघावी!

नाव मारिसोल ठरले.

आता मी पुण्याला परतलो आहे. संध्याकाळी नात फोनवर तिला दाखवते. "आजोबा, हाक मारा ना!" मी मारिसोल म्हणायला जातो आणि तोंडून निघते, "मने!" तरी ती कान टवकारते. रिकाम्या घरात कोणाला तरी हाक मारली, की दिवेलागण जरा सोपी जाते.