डॉग कॅनियनमधला धोत्रा

आलामोगोर्डो, न्यू मेक्सिको
ती. नानांस सा. न. वि. वि.,
सुखरूप पोचले. ऊन आपल्या वैशाखातलं, पण घाम अंगावर टिकत नाही. ओठ तेवढे फुटतात. काल डॉग कॅनियन चढताना वाटेवरच्या खडकाळीत एक झाड दिसलं. कातरलेली निळसर पानं, कडांना आणि शिरांवर काटे: थेट आपल्या पडीक रानातला पिवळा धोत्रा! फूल मात्र पांढरंशुभ्र, तळहाताएवढं. पाकळ्या चुरगळलेल्या पतंगाच्या कागदासारख्या आणि मधोमध पिवळ्या केसरांचा झुबका. इथले मेक्सिकन लोक या जातभाईंना चिकालोते म्हणतात.

तुम्ही ज्याच्यावर खुरपं चालवता, त्याच्या या भावाला इथे सरकारी संरक्षण आहे. हा इथल्या सॅक्रामेंटो डोंगरांच्या पश्चिम उतारावर होतो. १९८९ पासून तो संकटग्रस्त वनस्पतींत मोडतो. तुम्हाला सांगून पटणार नाही, म्हणून फोटो पाठवते आहे.

लास क्रूसेस
ती. नाना,
या पिवळ्या धोत्र्याचा आपल्या खऱ्या धोत्र्याशी काही संबंध नाही, घराणं अफू-खसखशीचं. शास्त्रीय नाव आर्जेमोनी. डोळ्यात फूल पडतं ना, त्या पांढऱ्या डागाला ग्रीक लोक आर्जेमा म्हणत. पहिल्या शतकातल्या डायोस्कोरिडीस या वैद्याने त्यावर एक रानखसखशीसारखी वनस्पती सांगितली, तिचं नाव आर्जेमोनी. ती ही असणं शक्यच नाही, कारण ही अमेरिकेची. पण जुन्या ग्रंथातल्या झाडाचा चीकही हिच्यासारखाच पिवळा-केशरी होता. युरोपच्या पंडितांनी ते नाव या नव्या पाहुणीला चिकटवलं आणि १७५३ मध्ये लिनियसने आर्जेमोनी मेक्सिकाना म्हणून पक्कं केलं. पंडितांचं हे नेहमीचंच: नवं दिसलं की आधी पोथी उघडायची.

नाव डोळ्याच्या औषधाचं, गुण उलटा! बी मोहरीसारखं, काळं, बारीक. मोहरीच्या तेलात याच्या तेलाची भेसळ झाली की त्यातल्या सँग्विनरीन या विषामुळे पाय सुजतात, हृदय थकतं आणि काहींच्या डोळ्यांतला दाब वाढून काचबिंदू होतो. १९९८ साली दिल्लीत अशीच साथ आली, माणसं दगावली. आपल्याकडे अजून कोणी कोणी याचा चीक डोळ्यात घालतात, त्यांना आवरा. आणि हे पत्र दिल्लीच्या मावशीलाही पाठवा. ती मोहरीचं तेल सुटं आणते.

तुमची,
सुमी