स्पर्शापुरती हिरवळ

हरळीला शिव्या देणारा शेतकरी आणि गणपतीला दूर्वांची जुडी वाहणारा भक्त ही दोन माणसे कोकणात बहुधा एकाच देहात राहतात. नांगरटीत हरळीच्या काड्यांचे तुकडे झाले, तरी प्रत्येक तुकड्याच्या पेराला पुन्हा मुळे फुटतात आणि महिन्याभरात खाचराचा बांध तिने व्यापलेला असतो. तेच गवत भाद्रपदात तबकात येते, तेव्हा त्याला दूर्वा म्हणतात. आणि शहराकडच्या बंगल्यापुढे ते नीट कापून राखले, की त्याचे लॉन होते. हरळी, दूर्वा आणि लॉन ही तिन्ही रूपे गेली सहा वर्षे मी एकाच अंगणात पाहत आहे. वृद्ध माणसाच्या शुश्रूषेत त्यांचा जो उपयोग झाला, तो आपल्यासारख्या वाचकांना सांगण्याजोगा वाटतो.

आमचे घर पनवेल तालुक्यातील आपटा या गावी, पाताळगंगेच्या काठच्या परिसरात आहे. एका गाजलेल्या हिंदी चित्रपटाचा शेवट येथल्या रेल्वे स्थानकावर चित्रित झाला होता. त्यामुळे घरी येणाऱ्या तरुण पाहुण्यांना अंगणापेक्षा त्या फलाटाचे कौतुक अधिक. माझे यजमान निवृत्त झाल्यावर आम्ही सासूबाईंना घेऊन मुंबई सोडली आणि येथे स्थायिक झालो. तेव्हा त्या ८१ वर्षांच्या होत्या, आज ८७ वर्षांच्या आहेत. मीही आता साठी ओलांडली आहे. वृद्धाने अतिवृद्धाची काळजी घ्यावयाची, ही स्थिती आज अनेक घरांत आहे, तशी आमच्याही घरात आहे. सासूबाईंना मधुमेह होऊन ३० वर्षे उलटली. चाळीतल्या दोन खोल्यांत आयुष्य गेलेल्या या बाईंनी येथे आल्यावर एकच मागणी केली : "दाराशी थोडी हिरवळ असू द्या. सकाळी दवात अनवाणी चालले की डोळे निवतात."

अंगणातली माती भातखाचराची, चिकट. पाणी धरून ठेवणाऱ्या अशा मातीत गवताची मुळे कुजतात. म्हणून आम्ही एक फूट खोल खणून दगडगोटे वेचले, वाळू आणि चांगले कुजलेले शेणखत मिसळले आणि घरापासून बाहेरच्या बाजूला हलका उतार ठेवला. १०० फुटांमागे एक ते दोन फूट इतका उतार पुरतो. रायगड जिल्ह्यात वर्षाचा पाऊस ३००० मिलिमीटरच्या घरात असतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत कोसळतो. जुलैत लावलेले काडे वाहून जातात. म्हणून लागवड गणपती विसर्जनानंतर, पावसाचा जोर ओसरल्यावर केली. बारीक पानांच्या हरळीचे काडे चार-चार बोटांच्या अंतराने खोचले आणि पायाने हलके दाबले. दोन महिन्यांत जमीन झाकली गेली.

नळाजवळच्या कोपऱ्यात मात्र शोभेसाठी दुसरे गवत लावले. रोपवाटिकांत ते 'कोरियन' या नावाने मिळते. वनस्पतिशास्त्रात त्याची प्रजाती झॉयसिया. कार्ल फॉन झॉइस या अठराव्या शतकातील वनस्पतिअभ्यासकाचे नाव तिला दिलेले आहे. नाव कोरियन असले, तरी हे सुईसारख्या पानांचे गवत मूळचे पूर्व आशियाच्या आणि प्रशांत महासागरातील बेटांच्या किनाऱ्यांवरचे. याच प्रजातीतील एक जात भारताच्या किनाऱ्यांवरही आपसूक उगवते. उन्हाळा, खारी हवा आणि थोडीफार तहान ते सोसते. परंतु ते अतिशय संथ वाढते. हरळीला दोन महिने लागले, तेथे याला वर्ष लागले. एकदा दाटले म्हणजे त्याची गादी फुगू लागते आणि लहान-लहान टेकड्यांचा हिरवा डोंगराळ मुलूख तयार होतो. दिसावयास ते फार सुंदर दिसते.

दुसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात एका सायंकाळी यजमानांना स्वयंपाकघराच्या फरशीवर रक्ताचे ठिपके दिसले. सासूबाईंच्या टाचेत बोरीचा काटा मोडून रुतला होता. केव्हा रुतला, हे त्यांना सांगता येईना. कारण तो त्यांना बोचलाच नव्हता. मी पाय धुऊन देत असताना त्या म्हणाल्या, "अगं, पाय माझा असून मला कळले नाही, तर तुम्हाला कुठून कळणार?" ती जखम भरून येण्यास अकरा आठवडे लागले.

डॉक्टरांनी नायलॉनचा एक बारीक तंतू त्यांच्या तळपायाला ठिकठिकाणी टेकवून पाहिला. १० ग्रॅम इतका दाब देऊन वाकणारा हा तंतू जेथे जाणवत नाही, तेथे त्वचेची राखणदार संवेदना गेलेली असते. दीर्घकाळच्या मधुमेहात मज्जातंतूंना इजा होते आणि सर्वांत लांब तंतू पायांकडे जात असल्यामुळे बधिरता प्रथम पायांत येते. दुखणे ही देहाची चौकी आहे. ती उठली, की काटा, खडा, तापलेली फरशी यांपैकी कोणीही विनापरवाना आत शिरते. त्यात रक्तपुरवठा कमी पडला, तर साध्या जखमेचे पर्यवसान बोट किंवा पाय गमावण्यात होऊ शकते. म्हणून डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले : घरात किंवा बाहेर अनवाणी चालावयाचे नाही, रोज तळपाय आणि बोटांच्या बेचक्या पाहावयाच्या, पाय धुण्याच्या पाण्याची ऊब आधी कोपराने तपासावयाची, पायमोजे पांढरे सुती घालावयाचे, म्हणजे रक्ताचा डाग लगेच दिसेल. दवाने डोळे निवतात, या समजुतीला वैद्यकशास्त्राचा आधार नाही, हेही त्यांनी हसत पण ठामपणे सांगितले. मधुमेहींनी डोळ्यांसाठी वर्षातून एकदा पडद्याची तपासणी करावी.

आम्ही हे सारे पाळले आणि पाय वाचला. परंतु सासूबाई अंगणात येईनाशा झाल्या. खिडकीकडे तोंड करून असलेली खुर्ची त्यांनी स्वतः भिंतीकडे वळवून घेतली. जेवण कमी झाले, बोलणे त्याहून कमी झाले. "चपला घालून गवतावर चालायचे, म्हणजे मोजे घालून हात धुण्यासारखे आहे," असे त्या एकदाच म्हणाल्या आणि गप्प झाल्या. शुश्रूषा करणाऱ्यांपुढचा खरा पेच हाच असतो. ज्याला जपावयाचे, त्याचे जगणे जपण्याच्या नावाखाली अरुंद होत जाते. वैद्यकीय आज्ञा तर मोडता येत नव्हती; आणि त्या दिवसागणिक आत आत जात होत्या, हेही पाहवत नव्हते.

मार्ग सुचला तो त्या कोरियन गवतामुळे. सासूबाई वॉकर घेऊन चालू लागल्या, तेव्हा फिजिओथेरपिस्टने नळाजवळच्या टेकड्या काढावयास सांगितले. उंचसखल गादीत वॉकरचा पाय अडकतो, चवडा ठेचकाळतो आणि या वयातली एक पडझड खुब्याचे हाड मोडावयास पुरते. माळ्याने मातीसकट गवताचे थर उचलले. त्यांतला एक थर सासूबाईंनी मांडीवर मागून घेतला. कितीतरी वेळ त्या त्यावरून हात फिरवीत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे टाकू नका."

त्यांच्या बोटांना अजून सारे कळत होते. मधुमेहातील बधिरता हातांपर्यंत बहुधा पुष्कळ उशिरा पोहोचते. जे तळपायांना आता मिळणार नव्हते, ते तळहातांना देता येण्याजोगे होते. गवंड्याकडून अंगणाच्या पूर्वेला अडीच फूट उंचीचा एक कट्टा करून घेतला. वर हौदासारखी आठ इंच खोल जागा, तळाला पाणी निचरण्यासाठी भोके, खाली खुर्चीवर बसलेल्याचे गुडघे आत जातील इतकी पोकळी. त्यात भुसभुशीत माती भरून ते थर बसविले. दिवसाचे सहा तास तरी ऊन मिळेल, अशी जागा निवडली. सावलीत हे गवत विरळ होते.

सासूबाई आता रोज सकाळी चपला घालून, वॉकर धरून कट्ट्यापाशी जातात आणि वीस-पंचवीस मिनिटे बसतात. पहिले काम बोट मातीत पेरभर खुपसून ओल पाहण्याचे. ओल लागली, तर पाणी नाही. कोरडे लागले, तर तांब्याने भरपूर. रोज थोडे शिंपडण्यापेक्षा अधूनमधून खोलवर दिलेले पाणी चांगले, कारण मुळे पाण्याच्या मागे खाली जातात. दुसरे काम लव्हाळा काढण्याचे. थरांबरोबर त्याच्या गाठी आल्या होत्या. लव्हाळ्याचे पान उपटले, तरी खालची गाठ शाबूत राहते आणि आठवड्यात पुन्हा डोके वर काढते. म्हणून त्या जुन्या उलथन्याने गाठीपर्यंत पोहोचतात आणि निघालेल्या गाठी मोजून वाटीत ठेवतात. तिसरे काम वर्षातून एकदोनदाच : बोथट टोकाच्या कात्रीने वरवरची छाटणी. या गवताचा हिरवेपणा केवळ वरच्या थरात असतो. खोल कापले, तर आतला तपकिरी सांगाडा उघडा पडतो आणि भरून यावयास महिने लागतात. संथ वाढणारे हे गवत म्हाताऱ्या हातांना घाई करावयास लावीत नाही. काम संपल्यावर साबणाने हात धुणे, नखे पाहणे आणि एखादा ओरखडा असल्यास तेथेच औषध लावणे, हे माझे काम.

सपाट हरळी चालण्यासाठी राहिली. तिची उंची दीड इंचाच्या आसपास ठेवतो आणि एका वेळी पात्याच्या एकतृतीयांशाहून अधिक कापीत नाही. त्याने मुळे दमत नाहीत आणि पायही गुंतत नाही. फरसबंद वाट आणि हिरवळ यांची पातळी एक राखली आहे, म्हणजे कडेला ठेच लागत नाही. पाणी पहाटे देतो. सायंकाळपर्यंत पाती सुकतात, बुरशी धरत नाही आणि पायही घसरत नाही. जून ते सप्टेंबर या काळात मात्र हिरवळीवर जाणे बंद. शेवाळाने घसरडे झालेले अंगण, उंदरांच्या मूत्राने दूषित पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस आणि गवतातील सूक्ष्म कीटकांच्या चाव्यातून येणारा स्क्रब टायफस, ही कोकणातल्या पावसाळ्याची वास्तवे आहेत. पावसाळ्यात आणि त्यानंतर ताप आला, अंगावर काळसर खपली धरलेला व्रण दिसला, तर घरगुती उपायांत वेळ न घालविता डॉक्टरांना दाखवावे आणि गवतात वावर होता, हे आवर्जून सांगावे.

हिरवळीने सासूबाईंची रक्तशर्करा उतरली, असे मी म्हणणार नाही. इन्सुलिन तेच आहे, पथ्यही तेच आहे. परंतु हिरवाईचा मनाशी आणि देहाशी काही संबंध आहे, याचा विचार जाणत्यांनी केला आहे. अमेरिकेतील रॉजर उलरिक यांनी १९८४ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक लहानसा अभ्यास प्रसिद्ध केला. पेन्सिल्व्हेनियातील एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांपैकी ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, त्यांना विटांची भिंत दिसणाऱ्या रुग्णांपेक्षा थोडे लवकर घरी जाता आले आणि तीव्र वेदनाशामकेही कमी लागली. तुलना अवघ्या २३ जोड्यांची होती. त्यावरून मोठे सिद्धांत काढू नयेत. पण भिंतीकडे वळलेली आमच्या घरची खुर्ची पुन्हा खिडकीकडे वळली, तेव्हा मला त्या अभ्यासाचे नवल वाटले नाही.

गेल्या दोन वर्षांत सासूबाईंची दृष्टीही मंदावली आहे. तरी दूर्वा निवडण्याचे काम त्यांनी सोडलेले नाही. हिरवळीचा एक कोपरा आम्ही श्रावणापासून कापीत नाही. तेथल्या कोवळ्या काड्या मी तबकात आणून देते आणि त्या बोटांनी चाचपून तीन पात्यांच्या तेवढ्या वेगळ्या काढून २१-२१ च्या जुड्या बांधतात. मध्येच मोजणी चुकते, मग पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. मी मोजून देऊ का, असे आम्ही कोणी विचारीत नाही.

आपल्या घरी अंगण नसेल, तर परातीएवढी पसरट कुंडी पुरे. तळाला भोके, सहा इंच भुसभुशीत माती, गॅलरीतली उन्हाची जागा आणि आपल्या ज्येष्ठांना बसल्या जागी हात पोहोचेल इतकी उंची, एवढे साधावे. गवत कोणतेही लावा. कुंडी उचलणे, जागा बदलणे, हात स्वच्छ करणे, ही कामे आपण करावीत. तिला आज पाणी हवे की नको, हे मात्र त्यांच्या बोटांना ठरवू द्यावे.