लांब तार

नरसी नामदेव हें गांव परंपरेनें नामदेवमहाराजांचें जन्मस्थान म्हणून सर्वांस परिचित आहे. गांवाजवळून कयाधू वाहते. तिच्या कांठच्या एका हळदीच्या शेतांत, गेल्या दिवाळीच्या सुटींत, माझ्या पदार्थविज्ञानाची चांगलीच परीक्षा झाली.

शेत आमच्या दहावींतील एका विद्यार्थ्याच्या वडिलांचें. शेतीची वीज पुष्कळदां रात्रीं येते. विहिरींत पाणी सांचलें कीं नाहीं हें पाहावयास त्यांस अंधारांत जावें लागे, आणि एकदां पायाजवळून साप गेला. म्हणून पाण्याची पातळी बिनतारी संदेशानें घरीं कळविणारा एक लहानसा सर्किट बोर्ड आम्हीं दोघांनीं मिळून तयार केला. टेबलावर तो उत्तम चाले. शेतांत मात्र संदेश शंभर पावलांवर विरून जाई. आणि घर तर त्याहून दूर.

सेल नवे घातले. संदेश निघतेवेळीं विजेचा दाब मोजला, तो ३.३ व्होल्टांवरून ढळला नाहीं. प्रक्षेपणाची शक्ति १४ डीबीएम ठेविली होती, तीही योग्यच. तेव्हां मी मुलाकडे वळलों. "तुझें सोल्डरिंग कच्चें आहे," असें त्याच्या वडिलांदेखत म्हणालों. त्यानें सर्व सांधे तीन वेळां पुन्हां केले, बोट भाजून घेतलें. पण एक शब्द बोलला नाहीं.

रात्रीं प्रार्थनेस बसलों, तों मन लागेना. पहिल्याच दिवशीं त्यानें विचारलें होतें, "सर, पुस्तकांतली तार ४३३ मेगाहर्ट्झसाठीं आहे, आपला बोर्ड ८६६ चा ना?" आणि मी घाईंत उत्तर दिलें होतें, "लांब तार केव्हांही बरी." भारतांत विनापरवाना वापरतां येणाऱ्या ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांत तरंगाची लांबी सुमारें ३४.६ सेंटिमीटर, तिचा चतुर्थांश ८.७. आमची तार १७.३ सेंटिमीटर, म्हणजे नेमका अर्धा तरंग! अशा तारेच्या टोकाशीं हजाराहून अधिक ओहमांचा अडथळा उभा राहतो, आणि बोर्डाची वाट तर ५० ओहमांची. बहुतेक शक्ति दारावरूनच परत फिरत होती. दोरीवरील तरंग टोकावरून कसा परततो, हें मी वर्गांत इतकीं वर्षें शिकवीत आलों आहें!

सकाळीं वडिलांसमोर मुलाला म्हणालों, "चूक माझी. तुझे सांधे पहिल्यापासूनच चांगले होते." त्यानें तार मधोमध कापली. त्याच जागीं उणे १०८ चा आंकडा उणे ९८ झाला. दहा डेसिबेल म्हणजे शक्तीची दसपट. घराच्या ओसरीवर विहिरीची पातळी उमटली.

वडील तो आंकडा पुनःपुन्हां पाहत होते. मुलगा मात्र कापलेला तुकडा पट्टीवर मोजीत होता.

"सर, हाही बरोबर भरतो," तो म्हणाला. "काकांच्या विहिरीला होईल."