समुद्र खिडकीत नको

परगावी जाऊन हॉटेलात उतरणारी माणसं मला कधी आवडली नाहीत. माणसं वाईट असतात असं नाही, पण त्यांना गाव दिसत नाही, हे माझं ठाम मत होतं. घर भाड्याने घ्यावं, गल्लीत राहावं, शेजारणीकडे विरजण मागायला जावं, स्वतःच्या हाताने दोन भाकरी थापाव्यात, मग गाव कळतं. बीड जिल्ह्यातल्या लिंबागणेशच्या शाळेत मधल्या सुट्टीत हे मी इतक्यांदा ऐकवलं होतं की प्रवासाचा विषय निघाला की माझ्या सहकारी बाई ते माझ्याआधीच म्हणून मोकळ्या व्हायच्या.

मत कुठून आलं तेही सांगते. आमच्या गावात भालचंद्र गणपतीच्या दर्शनाला लांबून लोक येतात, चतुर्थीला गर्दी होते. त्यातला मुक्कामाला राहणारा माणूस कुणाच्या तरी ओळखीने कुणाच्या तरी ओसरीवर टेकतो. सकाळी निघताना त्याला त्या घरातल्या लेकरांची नावं पाठ झालेली असतात. पुढे आम्ही शाळेतल्या बायका तारकर्लीला गेलो, तेव्हाही पर्यटन महामंडळाच्या न्याहारी-निवास योजनेतलं घर धरलं. पुढच्या दोन खोल्या आम्हाला आणि मागे घरमालकीण, तिची सासू, एक आजारी मांजर. सोलकढी त्या सासूने वाढली आणि पावसाळ्यात होड्या का ओढून ठेवतात तेही तिनेच सांगितलं. हॉटेलात हे कोण सांगणार होतं?

तर हे मत घेऊन मी यजमानांबरोबर २०२४ च्या मार्चमध्ये बार्सिलोनाला गेले. लेक तिथे नोकरीला आहे. शहराला लागूनच असलेल्या लोस्पितालेत नावाच्या गावात आणखी दोघींबरोबर एका फ्लॅटात राहते, तिथे आम्हा दोघांना पाठ टेकायलाही जागा नव्हती. ती म्हणाली, "आई, मी हॉटेल बघते." मी म्हटलं, "हॉटेलात भाकरी करू देतेत का?" ती म्हणाली, "माझ्याकडं येऊन कर की." मी म्हटलं, "पिठाची पिशवी घेऊन रोज मेट्रोनं हिंडू का?" यजमानांनी वादात एकच भर घातली, की एवढं चाललोच आहोत तर खिडकीतून समुद्र दिसला पाहिजे. बालाघाटाच्या माथ्यावर आयुष्य गेलेल्या माणसाची ती हौस होती आणि तिच्यात मीही वाटेकरी होते. लेक टाळाटाळ करत होती, पण का ते फोनवर नीट सांगेना. शेवटी बार्सेलोनेतात, समुद्रापासून दोन गल्ल्यांवर, पर्यटकांना भाड्याने देतात तसला एक फ्लॅट ठरला.

बार्सेलोनेता हा तिथला जुना कोळीवाडाच. १७१४ मध्ये शहर पडल्यावर जिंकलेल्या राजाने वचक बसावा म्हणून एक किल्ला बांधला आणि त्यासाठी एका वस्तीचा मोठा भाग पाडला. घरं गेलेल्यांसाठी ही नवी वसाहत, पण तिचा पहिला चिरा बसायला १७५३ उजाडलं. मधली चाळीस-एक वर्षं ती माणसं कुठे राहिली असतील हा प्रश्न धरणग्रस्तांच्या महाराष्ट्रात कुणाला वेगळा समजावून सांगायला नको. लष्करी इंजिनिअरने आखलेल्या सरळ अरुंद गल्ल्या आणि त्यात एकसारखी, आधी तळमजल्यावर एकच मजला असलेली घरं. पुढे मजले चढले, एका घराचे दोन झाले, दोनाचे चार. म्हणून आजही तिथला नेहमीचा फ्लॅट तीस-पस्तीस चौरस मीटरचा असतो. आमचाही तेवढाच होता.

फ्लॅटबद्दल तक्रार करायला जागा नव्हती, हे आधी लिहून ठेवते. स्वच्छ होता, शेगडी होती, कपडे धुण्याचं यंत्र होतं. सज्ज्यातून डावीकडे वाकलं की समुद्राची एक निळी पट्टी दिसायची आणि यजमान दिवसातून बऱ्याचदा वाकायचे. फक्त तिथे कुणी नव्हतं. किल्ली दाराशेजारच्या आकड्यांच्या डबीत होती, सूचना मोबाइलवर आल्या, पैसे आधीच गेले होते. घरमालक बाई की बाप्या, एवढंसुद्धा आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी शंकरपाळ्यांची वाटी घेऊन समोरचं दार वाजवलं. भाषेसाठी लेक सोबत होती. सत्तरीच्या पुढची बाई होती. तिने नुकताच केशरी गॅस सिलिंडर उंबऱ्याच्या आत ओढून घेतला होता. वाटी तिने घेतली, आभार मानले आणि पहिलाच प्रश्न केला, तुम्ही कधी जाणार. आवाजात राग नव्हता, कंडक्टर विचारतो तसं विचारलं. मग दारातच उभ्या उभ्या थोडं बोलली. जिन्यावर आता कायमची राहणारी म्हणजे ती आणि वरच्या मजल्यावरचं एक कुटुंब. बाकीच्या दारांमागे दर तीन-चार दिवसांनी नवी माणसं. रात्री चाकांच्या पेट्या पायऱ्यांवर आपटतात. नावं विचारणं तिने केव्हाच सोडलं होतं, आमचीही विचारली नाहीत. विरजण मागायची माझी हिंमत झाली नाही. त्या गल्लीत सज्ज्यांवर निळे-पिवळे झेंडे लटकत होते, ते मला सणाचे वाटले होते. तो बार्सेलोनेताचा झेंडा. २०१४ च्या ऑगस्टमध्ये रहिवासी पर्यटक-फ्लॅटांविरुद्ध रस्त्यावर उतरले होते, असं तेव्हा लेकीने सांगितलं. फोनवर तिला हेच सांगायचं होतं, पण आईची हौस मोडवेना.

मला आमच्या गल्ल्या आठवल्या. दसरा झाला की बीड जिल्ह्यातली माणसं लाखांनी ऊसतोडीला निघतात. उचल घेतलेली असते, मुकादमाचा ट्रॅक्टर दारात येतो आणि नवरा-बायकोचा कोयता लेकरंबाळं घेऊन कारखान्याच्या कोपीवर जातो. वर्गात हजेरी घ्यायला मी उभी राहायची तेव्हा ओळीने नावं गप्प असायची. हंगामी वसतिगृह निघालं की काही पोरं मागे राहायची, आजीपाशी. किराणावाला लवकर फळी लावायचा. कुणाच्या घरी कुणी पडलं-झडलं तर उचलायला चार तरणी माणसं मिळायची नाहीत. कुलूप लागलेली गल्ली कशी असते ते मी नोकरीभर पाहिलं होतं, तरी कुलूप नसलेलं घर रिकामं असू शकतं हे त्या जिन्यावर उभी राहीपर्यंत ध्यानात आलं नव्हतं. आमची माणसं निदान पाडव्याच्या आगेमागे परत येतात.

समुद्राचंही असंच. सोमोरोस्त्रो हे नाव लेकीने किनाऱ्यावर चालताना सांगितलं. आज जिथे माणसं वाळूत पहुडतात तिथे पूर्वी पत्र्या-फळ्यांच्या खोपट्यांची मोठी वस्ती होती. लाटा घरात शिरायच्या. फ्लेमेंको नाचणारी जगप्रसिद्ध कार्मेन आमाया त्या वस्तीतली. १९६६ मध्ये ती वस्ती उठवली. पुढे १९९२ च्या ऑलिंपिकसाठी किनारा मोकळा केला, वाळू आणून टाकली आणि मग समुद्र दिसणं महाग झालं. त्याआधी समुद्राच्या तोंडाशी तोच राहायचा ज्याला दुसरीकडे जागा नव्हती.

आम्ही गेलो तेव्हा शहरात पाण्याची आणीबाणी होती. धरणं १६ टक्क्यांच्या खाली गेल्यामुळे १ फेब्रुवारी २०२४ ला कातालोनियाच्या सरकारने ती जाहीर केली होती. माणशी दिवसाला २०० लिटरची मर्यादा, किनाऱ्यावरचे शॉवर बंद, मोंजुइकचं प्रसिद्ध कारंजं कोरडं. उजनीचं पाणी उतरलं की पळसदेवचं देऊळ वर येतं, तसं तिकडे साऊ धरणातल्या बुडालेल्या गावाचं चर्च पायथ्यापर्यंत उघडं पडलं होतं. २०० लिटर ऐकून यजमानांना हसू आवरेना. आपल्याकडे नळयोजनेचा हिशेब माणशी ५५ लिटरचा आणि टँकरचा २० चा. पण पाऊस बघायला गेलं तर दोन्हीकडे फारसा फरक नाही. त्यांच्याकडे वर्षाला सहाशे मिलिमीटरच्या आसपास, बीडला साडेसहाशेच्या. आपण एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी नेलं. त्यांनी त्याआधीच, मे २००८ मध्ये, तारागोनाहून जहाजाने आणलं होतं. नंतर त्यांनी समुद्राचं पाणी गोडं करायचा मोठा कारखाना उभा केला, हा मात्र फरक.

फ्लॅटात आम्हाला यातलं कुणी काही सांगितलं नाही. बाथरूममध्ये बादली नव्हती. मोबाइलवरच्या सूचनांत वायफाय होतं, कचऱ्याची वेळ होती, पाण्याचा शब्द नव्हता. आमच्याकडे टँकरच्या दिवसांत पाहुणा आला तर घरातली म्हातारी त्याला गोड बोलून तांब्याभरच पाणी देते आणि तो समजतो. इथे म्हातारीच नव्हती. यजमानांनी शहराच्या राव्हाल भागातल्या एका पाकिस्तानी दुकानातून प्लॅस्टिकची बादली आणली. त्या दुकानात तूरडाळ, हिरव्या मिरच्या, सगळं होतं. भाकरीसाठी फ्लॅट हवा हा माझा मुद्दा तिथेच लंगडा पडला, कारण तोपर्यंत मी तसंही संध्याकाळचं लेकीच्या ओट्यावरच करत होते.

शेवटी तो फ्लॅट सोडून उरलेले दिवस आम्ही सांत्स भागात एका लहानशा पेन्सियोमध्ये काढले. आपल्याकडच्या जुन्या लॉजसारखं, एका कुटुंबाने चालवलेलं. खिडकीतून समोरच्या घराचे दोरीवरचे कपडे आणि एका शाळेचा कोपरा. सांत्स हे मुळात गिरण्यांचं वेगळं गाव, १८९७ मध्ये शहरात ओढलं गेलं. वापोर वेल नावाच्या जुन्या गिरणीत आता शाळा आणि वाचनालय आहे. मी निवृत्त मास्तरीण, मला ते समुद्राच्या पट्टीपेक्षा जास्त आवडलं. पेन्सियोवाल्या बाईने पासपोर्ट बघून नोंद केली आणि लगेच पाण्याबद्दल बजावलं. सकाळी आंघोळ लवकर आटोपल्याचं तिच्या लक्षात आलं तेव्हा खुशीत मान हलवली. तारकर्लीच्या सासूच्या मी सर्वांत जवळ पोहोचले ती इथे, जिथे मी उतरायचंच नाही म्हणत होते अशा ठिकाणी.

आम्ही परतलो आणि जूनमध्ये बातमी आली. महापौर जाउमे कोल्बोनी यांनी जाहीर केलं की शहरातले परवाना असलेले सगळे, म्हणजे १०,१०१ पर्यटक-फ्लॅट नोव्हेंबर २०२८ पर्यंत बंद करायचे. दहा वर्षांत घरभाडी ६८ टक्क्यांनी वाढली, हे त्यांनी दिलेलं कारण. जुलैत मोर्चा निघाला आणि उपाहारगृहांबाहेर बसलेल्या पर्यटकांवर लोकांनी खेळण्यातल्या पिचकाऱ्या मारल्या. पाण्याची आणीबाणी मे महिन्यातच उठली होती म्हणून, नाही तर तेवढंही पाणी मिळालं नसतं. मी तो व्हिडिओ लिंबागणेशला माझ्या ओसरीवर बसून पाहिला आणि त्या भिजलेल्या माणसांची कीवही आली. त्यांनीही माझ्यासारखीच दारं वाजवायच्या कल्पनेनेच तिकीट काढलं असेल.

माझं मत बदललं म्हणजे हॉटेलवाल्यांचं पटलं असं कुणी समजू नये. फ्लॅट बंद झाले तर पहिला फायदा त्यांचा आहे आणि पोहण्याचे तलाव असलेल्या मोठ्या हॉटेलांत माणशी पाणी किती उडतं ते सांगायला नको. फ्लॅटवाल्यांचं म्हणणंही अगदीच टाकाऊ नाही. शहरातल्या एकूण घरांत हे फ्लॅट शेकडा एक-दोनच भरतात, भाडी वाढण्याला नवी घरं न बांधणंही कारण आहे, असं ते म्हणतात. पण शेकडा एक-दोन हा शहराचा हिशेब झाला. त्या बाईच्या जिन्याचा हिशेब वेगळा होता. गावाच्या लोकसंख्येत ऊसतोडीला गेलेले किती, हे कागदावर एक असतं आणि एका गल्लीत संध्याकाळी किती दिवे लागतात हे दुसरं.

मागच्या महिन्यात एक सहकारी बाई विचारायला आल्या, मुलगा त्यांना तिकडे नेणार आहे. मी त्यांना सांत्स सांगितलं, ग्रासिया, सांत आंद्रेउ सांगितलं. जिथे मालक स्वतः दार उघडतो अशी जागा बघा, लिफ्ट आहे का विचारा, गुडघे तुमचे. फ्लॅटच घ्यायचा असेल तर निदान जाहिरातीत एचयूटीबी अक्षरांनी सुरू होणारा परवाना क्रमांक आहे का ते तपासा. समुद्राचं काय, तर एक मेट्रो बदलून अर्ध्या तासात पाय ओले करता येतात. ज्वारीचं पीठ न्या, ते राव्हालमध्ये आम्हाला सापडलं नाही.

त्या सगळं लिहून घेत होत्या. यजमान पेपर वाचत होते, वर न बघता म्हणाले, "मला तर बाई तो पहिला फ्लॅटच आवडला होता." सहकारी बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी चहा टाकायला उठले. त्यांचं मत बदलेल अशी लक्षणं नाहीत आणि त्यांना मी समोरच्या दारापर्यंत शंकरपाळे घेऊन पाठवलंही नव्हतं.