दिवसाला तीन गोळे

माझ्या मोबाइलमध्ये बावीस सेकंदांचा एक व्हिडिओ आहे. आमचा तात्या त्याच्या लिटर बॉक्समध्ये बसलाय, डोळे बारीक केलेत, चेहऱ्यावर गहन विचार. मी तो मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकला होता, कॅप्शन दिली होती, 'सोमवार सकाळ'. अकरा जणींनी हसून लोळणाऱ्या स्माइली पाठवल्या. व्हिडिओ मी अजून डिलीट केलेला नाही. कारण तात्या विचार-बिचार काही करत नव्हता. त्याला शू होत नव्हती.

तात्या म्हणजे आमचा बोका. पिवळाधम्मक, सहा वर्षांचा, न्यूटर केलेला आणि स्वभावाने पक्का पुणेकर. म्हणजे दुपारी एक ते चार कोणी डिस्टर्ब करायचं नाही. कोथरूडच्या वन बीएचकेत आम्ही दोघंच राहतो. त्या सोमवारी माझी कव्हर स्टोरी जायची होती, दोन हजार शब्द, संध्याकाळी सहाची डेडलाइन. तात्या लिटर बॉक्समध्ये जात होता, बसत होता, उठत होता, पुन्हा जात होता. सहा-सात वेळा तरी. मला ते दिसत होतं, पण 'दिसणं' आणि 'बघणं' यात फरक असतो ना, तो त्या दिवशी मला फार महागात पडला.

दुपारी सांगलीला आईला फोन केला. आई म्हणाली, "अगं, पोट साफ होत नसेल त्याचं. चमचाभर तूप दे." मलाही पटलं. कुंथतोय म्हणजे बद्धकोष्ठच असणार, अजून काय? दिलं तूप. त्याने ते हुंगलंसुद्धा नाही. (नंतर कळलं, ही चूक करणारी मी काही एकटी नाही. शू अडकलेला बोका आणि पोट न होणारा बोका अगदी सारखाच बसतो.) संध्याकाळी स्टोरी मेल केली आणि मग खऱ्या अर्थाने तात्याकडे वळले, तर तो पलंगाखाली. शेजारी थोडी उलटी. मागची बाजू सारखी चाटत होता आणि मधूनच खालच्या पट्टीत रडत होता. ते 'म्याव' नव्हतं. पोटाला हात लावला तर चावला. सहा वर्षांत पहिल्यांदा.

साडेदहा वाजता भाजीच्या क्रेटमध्ये जुनी ओढणी अंथरून, वरून टॉवेल बांधून निघालो. रिक्षावाले काका आधी नाहीच म्हणाले, मग क्रेटमधून तो आवाज ऐकला आणि काही न बोलता मीटर टाकला. दोन दवाखाने बंद. तिसरा उघडा.

डॉक्टरांनी पोट चाचपलं. मूत्राशय मोसंबीएवढं झालं होतं आणि दगडासारखं कडक. मग त्यांनी विचारलं, "शेवटची शू कधी केली?"

मला माहीत नव्हतं. मास कॉमला पहिल्याच आठवड्यात शिकवतात, कोण, काय, कधी, कुठे. मी नगरसेवकांना तारीख-वार विचारून घाम फोडते. आणि माझ्याच घरातल्या प्राण्याबद्दल 'कधी'वर माझी विकेट पडली. "बहुतेक काल," म्हणाले. डॉक्टर काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

प्रकार असा असतो. बोक्याचा मूत्रमार्ग टोकाकडे अतिशय निमुळता असतो. चिकट स्राव आणि बारीक खडे यांचं बूच तिथे बसलं की बाहेरचा रस्ताच बंद. (मांजरींमध्ये हे क्वचित होतं, त्यांचा मार्ग रुंद असतो.) मग मूत्रपिंडांवर उलटा दाब येतो, रक्तातलं पोटॅशियम वाढत जातं आणि हृदयाचा ठेका बिघडतो. एक-दोन दिवसांत खेळ खलास. म्हणजे मी तूप घेऊन फिरत होते तेव्हा घड्याळ सुरू झालेलं होतं.

त्याला गुंगीचं औषध देऊन कॅथेटर घातला, सलाइन लावलं. तीन रात्री तो तिथे होता. बिल झालं एकोणीस हजार. ज्या स्टोरीसाठी मी दिवसभर मान वर केली नव्हती, तिचं मानधन यापेक्षा कमी होतं आणि तेही अडीच महिन्यांनी आलं. फ्रीलान्सर मंडळींना वेगळं सांगायला नको.

पण मला खरा धक्का बसला तो कारणाचा. डॉक्टरांनी विचारलं, घरात काही बदल झालाय का? मी म्हटलं, छे. मग आठवलं, बिल्डिंगला रंग देणं चालू होतं. पंधरा दिवस खिडकीबाहेर परांची, त्यावर माणसं, रेडिओ, घासकाम. तात्या सगळा दिवस माळ्यावर सुटकेसच्या मागे. मला वाटलं, थंड वाटत असेल तिथे. मांजरांमध्ये नुसत्या ताणानेही मूत्राशयाला सूज येते, कुठलंही इन्फेक्शन नसताना. त्यात आमचा आहार म्हणजे सदासर्वदा कोरडं खाणं. त्यात पाणी जेमतेम दहा टक्के. मांजराचे पूर्वज वाळवंटातले, तहान लागण्याच्या बाबतीत हा प्राणी मुळातच आळशी. त्याचं पाणी शिकारीतून यायचं. उंदरात जवळजवळ सत्तर टक्के पाणी असतं. आता तात्याला दोन वेळा पाउचमधलं ओलं खाणं, वर दोन चमचे कोमट पाणी आणि घरात चार ठिकाणी वाट्या. त्यातली बाथरूमबाहेरची त्याला सर्वाधिक आवडते. का, ते विचारू नका.

हा त्रास पुन्हा होऊ शकतो, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. म्हणून वही आली. साधी, दोनशे पानी, किराणा हिशेबाची असते तशी. रोज सकाळी लिटर उपसताना मोजायचं, किती गोळे, केवढे. तात्याचं नॉर्मल म्हणजे दिवसाला तीन, लिंबाएवढे. खूप लहान-लहान पाच-सहा दिसले तर फोन. एकही नसेल तर फोन नाही, थेट रिक्षा. शिवाय तो गाढ झोपलेला असताना छातीचे ठोके नव्हे, श्वास मोजायचे. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं. तीसच्या आत हवेत. तात्याचे बावीस-चोवीस असतात. मला हे मोजताना फार शांत वाटतं. योगा क्लासचे पैसे वाचले.

आणि वजन. सुरुवातीला मी त्याला कडेवर घेऊन काट्यावर उभी राहायचे आणि माझं वजन वजा करायचे. पण त्या हिशेबात शे-दीडशे ग्रॅम इकडचे तिकडे होतात. आणि पाच किलोच्या प्राण्याचे शंभर ग्रॅम कमी होणं म्हणजे साठ किलोच्या माणसाचं सव्वा किलो उतरणं. म्हणून तान्ह्या बाळांचा वजनकाटा घ्यायला गेले. दुकानदार काकूंनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या पोटाकडे, आणि म्हणाल्या, "पहिलं का?" मी म्हटलं, "हो." मग पुढे सांगत बसले नाही. घरी येताना सोसायटीच्या गेटवर खोक्यावरचं हसरं बाळ जोशी काकूंनी पाहिलं. दुसऱ्या दिवशी आईचा फोन.

त्याच जोशी काकूंनी एकदा तात्याचं अंग गरम वाटतंय म्हणून अर्धी पॅरासिटामॉल द्यायला सांगितली होती. काकू मनाने सोन्यासारख्या आहेत, पण हे कधीही करू नका. ते औषध पचवायची यंत्रणा मांजराच्या यकृतात नीट नसतेच. अर्धी गोळीही जीव घेऊ शकते.

आईला हे सगळं सुरुवातीला थेरं वाटायचं. सांगलीच्या घरी आमच्याकडे मनी होती. दूधभात खायची, गव्हाच्या पोत्यावर झोपायची. मी सातवीत असताना ती हळूहळू वाळत गेली. मोरीतल्या बादलीवर ओणवी होऊन सारखं पाणी प्यायची. आम्हाला गंमत वाटायची, मनी किती पाणी पिते बघा. मग एक दिवस आलीच नाही. आई म्हणाली, "मांजर आपलं मरण कुणाला दाखवत नाही." मी ते वाक्य कितीतरी वर्षं फार सुंदर मानत होते. कॉलेज मॅगझिनमध्ये त्यावर लेखसुद्धा लिहिलाय.

आता माहीत झालंय की म्हाताऱ्या मांजराचं वजन उतरणं आणि पाणी पिणं वाढणं ही मूत्रपिंड हळूहळू थकत असल्याची नेहमीची लक्षणं. मधुमेहाचीही असू शकतात, थायरॉइडचीही. मनीला नेमकं काय होतं कोण जाणे. पण ती दाखवत होती. चांगली दोन-तीन महिने, रोज, आमच्या डोळ्यांदेखत बादलीवर. सांगलीत तेव्हा मांजराला डॉक्टरकडे नेलं असतं तर लोक हसले असते, हेही खरं. मी एकदा आईला हे सगळं सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "गॅसवर दूध आहे," आणि फोन ठेवला.

गेल्या महिन्यात मला एका असाइनमेंटसाठी चार दिवस नागपूरला जायचं होतं. तात्याला बोर्डिंगमध्ये ठेवायची माझी हिंमत नव्हती. नवी जागा, नवा ताण, पुन्हा तेच. आई म्हणाली, मी येते. मी तिला वही दाखवली, रकाने समजावले, डॉक्टरांचा नंबर फ्रिजवर चिकटवला. तिने चष्मा लावून सगळं वाचलं आणि म्हणाली, "एवढं तर मी तुझ्या वेळीसुद्धा लिहिलं नव्हतं."

नागपुरात मी दिवसातून तीनदा फोन करायचे. ती म्हणायची, "लिहिलंय वहीत, आल्यावर वाच."

आल्यावर वाचलं. माझ्या रकान्यांकडे तिने साफ दुर्लक्ष केलं होतं. ओळींवर, तिच्या गोल अक्षरात:

'मंगळवार. सकाळी ७.१० शू, छान. दुपारी २.३० शू. रात्री ९ शू, जरा कमी वाटली, लक्ष ठेवले. ११.४० पुन्हा केली, मोठी. मग झोपले.

बुधवार. श्वास २३. पुन्हा मोजले, २४. पाणी बाथरूमपाशीच पितो. किती पितो ते बघते आहे.'