देवमाशाची उलट नोंद

माशांच्या बाबतीत आमच्या घरात माझा शब्द अखेरचा मानला जातो. बाकीच्या बाबतीत तो पहिलाही मानला जात नाही, तो भाग वेगळा. पण दर रविवारी पिशवी घेऊन बाजारात जाणारा मी, पापलेटचे कल्ले उचलून आतला लाल रंग बघणारा मी आणि “कालचं दिसतंय” म्हणून कोळणीकडून सात पिढ्यांचा उद्धार करून घेणाराही मीच. त्यामुळे चौथीतल्या आमच्या कन्येने विचारले, “बाबा, देवमासा हा मासा आहे का?” तेव्हा मी वर्तमानपत्र खाली न घेताच म्हणालो, “अगं, नावातच मासा आहे! नसता, तर देवगाय नसते म्हणाले?”

हा विनोद मला त्या दिवशी फार आवडला होता.

चार दिवसांनी उत्तरपत्रिका घरी आली. ‘देवमासा हा मासा आहे’ या विधानापुढे कन्येने ठळक अक्षरात ‘बरोबर’ लिहिले होते आणि त्याच्यावर बाईंची त्याहून ठळक लाल फुली होती.

“मी बाईंना सांगितलं, बाबा म्हणाले म्हणून,” कन्या म्हणाली.

“मग? बाई काय म्हणाल्या?”

“हसल्या.”

एक मार्क गेल्याचे मला काही वाटले नाही. बी.कॉम.ला माझे याहून बरेच गेले आहेत. पण त्या संध्याकाळी कन्येने ‘ऑक्टोपसला हृदयं किती?’ हा प्रश्न मला ओलांडून स्वयंपाकघरात नेला. आता आमच्या सौभाग्यवतींचे सागरी ज्ञान कोळंबीच्या खिचडीपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. ती सरळ म्हणाली, “मला नाही गं माहीत. पुस्तकात बघू या.” आणि पोळ्या थांबवून मायलेकी खरोखरच पुस्तक उघडून बसल्या! मी बाहेर बसून ऐकत होतो. ऑक्टोपसला तीन हृदये निघाली. त्यांतले एकही माझ्यासाठी हळहळले नाही.

रात्री सगळे झोपल्यावर मी ते पुस्तक गुपचूप काढले. वाचता वाचता लक्षात आले, की समुद्रात नावांचा सगळा घोटाळाच आहे. देवमासा मासा नाही. त्याला कल्ले नाहीत, फुप्फुसे आहेत. श्वास घ्यायला बिचाऱ्याला वर यावे लागते. माशाची शेपटी डावी-उजवीकडे हलते, याची वर-खाली. निळा देवमासा सुमारे 30 मीटरपर्यंत वाढतो आणि त्याचे पिल्लू आईचे दूध पिते, तेही दिवसाला सुमारे 200 लिटर. (म्हणजे ‘देवगाय’ हा माझा विनोद माझ्यापेक्षा शहाणा निघाला!) तारामासाही मासा नाही. त्याला मेंदू नाही, रक्त नाही. शिंपला उघडला, की आपले जठरच बाहेर काढून तो आत सरकवतो आणि जागच्या जागी जेवण उरकतो. जेलीफिशला हाड नाही, हृदय नाही, मेंदू नाही. सुमारे 95 टक्के नुसते पाणी! उलट, ज्याच्या नावात घोडा आहे, तो समुद्रघोडा मात्र अस्सल मासा. शिवाय त्यांच्यात मादी अंडी नराच्या पोटावरच्या पिशवीत ठेवून मोकळी होते आणि पिल्लांचे बाळंतपण बाप करतो. हे पान मी सौभाग्यवतीच्या नजरेस पडू नये म्हणून हलकेच उलटले.

पण मला खरा धीर दिला तो कार्ल लिनिअस या स्वीडनच्या गृहस्थाने. सगळ्या प्राण्यांची खाती पाडणारा हा माणूस. याने 1735 साली देवमासा चक्क माशांच्या खात्यात जमा केला होता! वास्तविक देवमासा फुप्फुसाने श्वास घेतो आणि पिल्लांना दूध पाजतो, हे ॲरिस्टॉटलने दोन हजार वर्षांपूर्वीच लिहून ठेवले होते. लिनिअसने आपली चूक 1758 साली त्याच ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत दुरुस्त केली आणि देवमासा सस्तन प्राण्यांत नेला. तेवीस वर्षांनी का होईना, स्वतःची नोंद स्वतः फिरवली.

आमच्या बँकेत रोज हेच चालते. रक्कम चुकीच्या खात्यात पडली, तर ती गुपचूप खोडायची नसते. उलट नोंद करायची, खाली सही ठोकायची. इतकी वर्षे मी हे बिनतक्रार करीत आलो आहे. घरी मात्र माझ्या नावावर अशी एकही उलट नोंद सापडायची नाही. तिथे माझी चूक म्हणजे कायमची ठेव!

सकाळी कन्या वेणी घालून घेत होती, तेव्हा मी घसा साफ करून म्हणालो, “हे बघ, देवमाशाचं माझं चुकलं.”

आईच्या हातातला कंगवा थांबला. कन्या काही बोलली नाही. अर्धी वेणी तशीच धरून आत गेली, उत्तरपत्रिका घेऊन आली आणि लाल फुलीच्या शेजारी बोट ठेवून म्हणाली, “मग इथे लिहून सही करा.”

‘देवमासा मासा नाही,’ असे लिहून मी तारखेनिशी सही केली. चेकवर करतो, तशी पूर्ण.

तिने ती नीट तपासली. मग म्हणाली, “बाबा, बोंबिलाला इंग्रजीत ‘बॉम्बे डक’ म्हणतात ना? म्हणजे तो मासा की बदक?”

बोंबील मासाच आहे, हे मला छातीठोक माहीत होते. इतक्या रविवारांचा अनुभव! तरी मी वर्तमानपत्र खाली ठेवले आणि म्हणालो, “आण ते पुस्तक. बघू या.”